‘वऱ्हाडी’ फोल्डर सापडता सापडेना

आर्वीतल्या एका फोटो स्टुडिओसाठी सी भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला. लग्नाचं फोल्डर उघडायचं, हळद, वऱ्हाडी, पंगत अशा आतल्या फोल्डरांतले फोटो मोजायचे, यादी काढायची. माझ्याकडे लिनक्स, स्टुडिओत विंडोज आणि स्टुडिओवाल्या मित्राच्या घरी एक म्हातारा मॅक. तिन्हीकडे चालला पाहिजे, ही त्याची अट.

सगळे विंडोजची भीती घालतात. फोल्डरातली नावं एकेक करून वाचायला लिनक्स-मॅकवर ओपनडिर-रीडडिर ही फंक्शनं, तिथे त्यांच्या जागी फाइंडफर्स्टफाइल-फाइंडनेक्स्टफाइल. पहिल्याच कॉलला पहिली नोंद हातात येते, म्हणून आधी काम, मग तपासणी असा डू-व्हाइल लूप. आपलं एक फंक्शन वर ठेवून दोन्ही आत दडवले, झालं.

डोकं खाल्लं मॅकनं. हळद सापडली, पंगत सापडली, ‘वऱ्हाडी’ नाही. मित्र म्हणे, “भाऊ, फोल्डर तं डोयानं दिसून राह्यला, मंग तुह्या प्रोग्रामले काहून दिसत नाही?” स्क्रीनवर दोन्ही नावं हुबेहूब, पण नावं ताडून पाहणारं स्ट्रसीएमपी म्हणतं वेगळी. त्यात लाइन गेली. ती आल्यावर नावांचे बाइट छापले, तेव्हा चोर दिसला. माझ्या प्रोग्रामातल्या नावात ऱ हा एकच युनिकोड बिंदू, म्हणजे अक्षराचा ठरलेला क्रमांक, ०९३१. मॅकनं दिलेल्या नावात साधा र, ०९३०, आणि त्यामागे नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, ०९३सी. डिस्क जुन्या एचएफएस प्लसची, म्हणजे मॅकच्या जुन्या फाइलसिस्टमची (डिस्कवर फाइली ठेवायच्या पद्धतीची), आणि ती नावं साठवतानाच अशी फोडते. ‘हळद’मध्ये फोडण्यासारखं काहीच नाही! नंतरच्या एपीएफएसवर दिलेलं नाव तसंच राहतं. पण मित्र काही नवा मॅक घेणार नाही.

जिकडे तिकडे एकच उपदेश: फाइलचं नाव म्हणजे नुसते बाइट, हात लावू नका. वऱ्हाडात राहून ऱ टाळायचा कसा? शेतकऱ्यांची यादी, गिऱ्हाइकांची बिलं, सगळीकडे तोच.

शेवटी यूटीएफ८प्रॉक लायब्ररीनं दोन्ही नावं एनएफसी, म्हणजे जोडलेल्या, रूपात आणली आणि मग तुलना केली. मात्र फाइल उघडताना डिरेक्टरीनं दिलेलं मूळ नावच वापरा. मॅकवरून टार करून (एका फाइलीत बांधून) आणलेलं फोल्डर लिनक्सवर फुटकं नाव घेऊनही उतरू शकतं. तिथे जोडलेलं नाव दिलं तर ‘अशी फाइल नाही’ हेच उत्तर.

विंडोजचं एक राहिलं: नावाच्या शेवटी डब्ल्यू असलेलीच फंक्शनं घ्या, ए-वाल्यांत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. नोंद फाइल की फोल्डर हे सांगणाऱ्या रीडडिरच्या डी_टाइपवरही विसंबू नका, काही फाइलसिस्टम डीटी_अननोन, म्हणजे ‘माहीत नाही’, म्हणून मोकळ्या होतात; तेव्हा स्टॅट या फंक्शनला विचारा. आणि रीडडिरचा क्रम कसाही असतो. नावानं लावला तर पंगत हळदीच्या आधी येते, म्हणून मी फोटोंच्या वेळेनं लावला.