देसूरला डबा बदलताना

आमच्या वेळी खानापूरहून बेळगावला शाळेला यायचं म्हणजे सकाळची पॅसेंजर. लाईन मीटर गेजची, लहान डबे, लाकडी बाकं. आणि एका डब्यातून दुसऱ्यात आतून जायला वाटच नव्हती. टीसीसुद्धा स्टेशन आलं की उतरून शेजारच्या डब्यात चढायचे.

माझा जोडीदार इदलहोंडला चढायचा. आम्हा दोघांत भूमितीचं पुस्तक एकच, एक रात्र त्याचं, एक रात्र माझं. ज्याच्याकडे नसेल त्यानं गृहपाठ देसूर ते बेळगाव उरकायचा. पण दुधाचे कॅन, भाजीच्या बुट्ट्या यांतून तो मिळेल त्या डब्यात घुसणार! म्हणून मी दारात उभा राहायचो आणि देसूरला गाडी थांबली की तो फलाटावरून धावत माझ्या डब्यात यायचा.

नववीतल्या पावसाळ्यात एकदा गाडीनं शिट्टी दिली तेव्हा तो पायरीवर चढत होता. काखेतलं पुस्तक निसटलं आणि दोन डब्यांच्या मधे गेलं. ती जागा आजही दिसते मला : मधोमध डबे जोडणारा एकच बफर, ग्रीसनं माखलेला, शेजारी लोंबणारा ब्रेकच्या व्हॅक्यूमचा पाईप, खाली ओली खडी. तो एका हातानं दांडी धरून तिकडे वाकला. मी त्याची कॉलर धरली. आतली एक म्हातारी कानडीत ओरडली, "बिडो तम्मा, बिडो!" म्हणजे सोड रे बाळा, सोड. गाडी सुटली.

शाळेत छड्या बसणार असं धरूनच आम्ही सरांना सगळं सांगितलं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुस्तक दुसरं मिळतं रे. त्या फटीत पुन्हा वाकायचं नाही." आणि टेबलावरची स्वतःची प्रत माझ्या हातात दिली. वार्षिक परीक्षेपर्यंत ती माझ्याकडेच होती. नवं पुस्तक घ्यायची आमच्या घरची ऐपत नव्हती, आणि सरांना ते विचारावंही लागलं नाही.

संध्याकाळी देसूरच्या पोर्टरनं आमचं पुस्तक आणून दिलं. पायथागोरसच्या प्रमेयावर ग्रीसचा काळा डाग पडला होता.

नव्वदच्या दशकात लाईन ब्रॉडगेज झाली. आता बहुतेक गाड्यांत एका डब्यातून दुसऱ्यात आतूनच चालत जाता येतं, तरी दोन डब्यांच्या जोडावर माझा हात आपोआप कठड्याकडे जातो. सरांची प्रत मी परीक्षा संपताच परत केली होती. डागाचं पुस्तक मित्रानं जपून ठेवलंय. शाळेच्या समारंभाला येताना तो ते घेऊन येणार आहे.