तुम्ही विचारलेत म्हणून: दहा इंची लॅपटॉपची गोष्ट

‘तुमचा तो छोटा लॅपटॉप अजून चालतो कसा, आणि आमचाही तसा करून द्याल का?’ हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये आणि सोसायटीच्या सभेतसुद्धा विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना कृती हवी असते आणि उरलेल्यांना मी कंजूष आहे हे माझ्याच तोंडून वदवून घ्यायचे असते. दोघांनाही आजवर हसून टाळले; आता एकदाच नीट उत्तर देतो.

यंत्र २०१० सालचे आहे. १०.१ इंची पडदा, अ‍ॅटम एन४५० प्रोसेसर, १ जीबी रॅम (चालू कामापुरती स्मृती), मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क, आणि सोबत विंडोज ७ स्टार्टर, ज्यात डेस्कटॉपवरचे चित्र बदलण्याचीही मुभा नव्हती. पडदा उभा अवघा ६०० बिंदूंचा असल्यामुळे कित्येक खिडक्यांचे ‘ओके’चे बटण पडद्याखालीच राहते आणि अंदाजाने एंटर दाबावे लागते.

पहिली गोष्ट अशी की, या लॅपटॉपला वेग आलेला नाही. प्रोसेसर होता तोच आहे, तो बोर्डावर डकवलेला असतो आणि बदलता येत नाही. हा प्रोसेसर सूचना ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने पार पाडतो. एखादी सूचना स्मृतीतून काही येण्याची वाट पाहत थांबली की मागच्या सगळ्या तिच्यापाठी ताटकळतात. रेशनच्या दुकानात पुढच्याचे कार्ड सापडेना म्हणून सगळी रांग खोळंबावी, तसे. मी जे काढून टाकले ते हे ताटकळणे, आणि तेही सगळे नव्हे.

सर्वांत मोठे ताटकळणे हार्ड डिस्कचे होते. १ जीबी रॅम भरली की संगणक तिच्यातला मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. डिस्कवर विखुरलेला मजकूर गोळा करायचा तर वाचणारे टोक दर वेळी जागेवर जाऊन पोहोचावे लागते, आणि अशा फेऱ्या सेकंदाला शंभरही होत नाहीत. एसएसडी या चिपवर मजकूर साठवणाऱ्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसल्याने त्याच वेळात हजारो वाचने होतात. म्हणून क्रम असा: रॅम २ जीबी करावी, कारण एन४५० त्याहून जास्त स्वीकारतच नाही, डिस्क काढून एसएसडी बसवावी, आणि विंडोजऐवजी डेबियन ही फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली घेऊन त्यावर एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप ठेवावा. लिनक्समधली झेडरॅम नावाची सोय चालू केली की डिस्कवर जाणारा मजकूर आधी रॅममध्येच दाबून बसवला जातो, मात्र ती दाबादाबी प्रोसेसरलाच करावी लागते, हे लक्षात असू द्यावे. पंख्यातली धूळ काढावी. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारे विस्तारक (एक्स्टेंशन) घालावे. याने जो फरक पडतो तो बाकीच्या बारीकसारीक युक्त्या एकत्र केल्या तरी पडत नाही. एवढीच कृती आहे.

ज्यांच्याकडे याहून जुना एन२७० प्रोसेसर आहे त्यांनी मात्र थांबून विचार करावा. तो जुन्या, ३२-बिट धाटणीचा आहे (एन४५० ६४-बिटचा आहे), आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने अशा संगणकांवर नव्याने स्थापना करण्याची सोय बंद केली आहे.

२०१४ सालचा मी हे असे सांगत नव्हतो, हेही कबूल केले पाहिजे. तेव्हा मी नातेवाइकांच्या संगणकांवर रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग्जची वही) साफ करणारी आणि रॅम ‘मोकळी’ करणारी सॉफ्टवेअरे हौसेने टाकत फिरत होतो. रॅम मोकळी करणे म्हणजे तिच्यातला मजकूर त्याच संथ डिस्कवर ढकलणे, आणि पुढच्याच मिनिटाला तो परत मागवणे. मी लोकांचे संगणक हळू करत होतो आणि ते माझे आभार मानत होते. त्या माणसाला आज मूर्ख म्हणणे सोपे आहे; पण जे समजत नाही ते आत्मविश्वासाने करण्याची त्याची सवय २०२० पर्यंत माझ्यातून गेली नव्हती.

२०२० बद्दल सांगायचे म्हणजे पुतणीबद्दल सांगावे लागेल.

धाकटा भाऊ आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो. त्या वर्षी पुतणी नववीत गेली आणि जूनमध्ये शाळा ऑनलाइन सुरू झाली. भाऊ नवा लॅपटॉप घ्यायला निघाला होता. ‘कशाला उगाच पैसे घालवतोस, माझा छोटा करून देतो तिला,’ असे मी म्हणालो. फेब्रुवारीत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली रॅमची पट्टी आणि १२० जीबीची एसएसडी कपाटात पडूनच होती. माझ्या बोलण्यात मदत किती आणि ती पट्टी एकदाची बसवून पाहण्याची हौस किती, हा हिशेब मी अजून मांडतो आहे.

शाळेच्या आदल्या रात्री नऊ वाजता जेवणाच्या टेबलावर पंचा पसरून बसलो. या यंत्राचे खालचे झाकण खालून उघडत नाही. आधी कीबोर्ड वरच्या कडेने उचकटायचा, त्याखालचे स्क्रू काढायचे, आणि तिथल्या भोकातून स्क्रूड्रायव्हर दाबून झाकण खाली पाडायचे. ते कडकन मोडल्यासारखा आवाज करत सुटते, आणि तसेच सुटायचे असते. त्या आवाजाने माझा घात केला, कारण त्यानंतरचा प्रत्येक कडकडाट मला यंत्राच्या प्रकृतीचाच भाग वाटू लागला. रॅम बसली, एसएसडी बसली, झाकण बसले. शेवटी कीबोर्डची पातळ रिबन केबल तिच्या खाचेत घालायची होती. त्या खाचेवर नखाएवढ्या जाडीची तपकिरी पट्टी असते. ती दोन्ही टोकांना धरून सारखी आत सरकवायची असते. मी ती एकाच टोकाला, अंगठ्याने, घाईत ढकलली. कट् असा अगदी बारीक आवाज झाला आणि पट्टीचा डावा कान तुटून पंच्यावर पडला.

लॅपटॉप सुरू झाला, आणि पूर्वी कधी झाला नव्हता इतक्या लवकर. फक्त कीबोर्डच्या निम्म्याहून अधिक कळा मेल्या होत्या. रात्री दोनपर्यंत मी रिबनमागे घडी घातलेला कागद, मग दोन घड्या, मग चिकटपट्टी असे करत राहिलो. प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटे सगळे चालायचे आणि तळहात टेकला की पुन्हा कळा जायच्या. दुरुस्तीची दुकाने बंद होती. सकाळी मी खाली जाऊन जुना यूएसबी कीबोर्ड त्याला जोडून दिला, म्हणजे हरलो असे दिसणार नाही.

त्याहून वाईट पुढे झाले. कीबोर्ड धड असता तरी काही उपयोग नव्हता. व्हिडिओ उलगडण्याचे काम आजकाल ग्राफिक्स भाग करतो, पण या यंत्रातला तो भाग, जीएमए ३१५०, फक्त एमपेग-२ हा व्हिडिओचा जुना प्रकार हाताळतो. बाकी सगळे प्रोसेसरच्या एकुलत्या एका कोअरवर, म्हणजे काम करणाऱ्या एकाच भागावर, येऊन पडते. बाई बीजगणिताच्या दुसऱ्या उदाहरणावर गेल्या की पुतणीच्या पडद्यावर पहिले उमटायचे, आणि आवाज तुकड्यातुकड्यांनी यायचा. चार दिवसांनी ती भावाच्या फोनवर शाळा करू लागली. त्याच्या कामाचे फोन आले की तास बुडायचा. ऑगस्टमध्ये भावाने नवा लॅपटॉप घेतला. ‘असू दे, दादा,’ एवढेच म्हणाला.

मला हे आधी ठाऊक होते का? मार्च महिन्यात याच यंत्रावर एक व्हिडिओ अडखळताना मी पाहिला होता, आणि ‘एसएसडी बसली की सुधारेल’ असे स्वतःला सांगितले होते. डिस्कचा व्हिडिओशी फारसा संबंध नसतो हे मला तेव्हाही कळत होते. म्हणजे ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही.

तरीही माझ्या बाजूने एक सांगतो. मजकूर टंकणे, पत्रे लिहिणे, भाषांतराचे मुद्रित तपासणे यासाठी हा लॅपटॉप आज खरोखर पुरेसा आहे, आणि चालणारे यंत्र भंगारात घालावे असे मला अजूनही पटत नाही. रिबनमागे अजून तोच कागद आहे. हा मजकूर लिहिताना दोनदा कीबोर्ड दाबून बसवावा लागला. हा हट्ट आहे की काटकसर, याचे उत्तर मी दिवसागणिक वेगवेगळे देतो. पण ‘आमचाही करून द्याल का’ याचे उत्तर मात्र ठरले आहे: काय करायचे ते सांगेन, स्क्रूड्रायव्हर तुम्ही धरा.

गेल्या महिन्यात पुतणी स्वतःचा लॅपटॉप घेऊन वर आली, हल्ली फार अडतो म्हणून. मी चष्मा लावला आणि नकळत तो उलटा करून तळाचे स्क्रू पाहू लागलो. तिने तो माझ्या हातातून सरळ केला.

‘काका, आधी नुसता बघ. उघडू नकोस.’

ब्राउझरचे ७३ टॅब उघडे होते.