अलाइनमेंट सगळ्यात शेवटी

पेठ नाक्यावरून हायवेला लागलं, काटा 80 च्या पुढे गेला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं, की बहुतेक गाड्या थेट अलाइनमेंटला जातात. पैसे जातात, थरथर तशीच राहते. अलाइनमेंटमध्ये चाकांचे कोन जुळवतात. झिजलेला बॉल जॉइंट (चाक वळू आणि वर-खाली होऊ देणारा गोळ्याचा सांधा) त्यानं बरा होत नाही, आणि ढिल्या जोडावर लावलेला कोन पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकतो.

थरथर 80 ते 100 च्या दरम्यानच येत असेल तर आधी रिमची आतली बाजू बघा. उसाच्या शेतात गाडी घातली की काळी माती तिथं चिकटते आणि वाळून घट्ट बसते. 20-30 ग्रॅमचं ढेकूळही स्टिअरिंग हलवायला पुरतं. खरवडून धुवा, मगच बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) करा. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर संशय ब्रेकच्या डिस्कवर घ्या.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर टायर थंड असताना हवा तपासा आणि सपाट रस्त्यावर चालवून बघा. रस्त्याला डावीकडे उतार असतो, त्यामुळे थोडी डावीकडे जाणारच. ट्रॉल्यांनी चर पाडलेल्या रस्त्यावर रुंद टायरची गाडी भरकटते, तोही बिघाड नव्हे. पुढचे दोन टायर आपसात बदला (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. फेरीनंतर एकच रिम जास्त तापलेली असेल तर बहुतेक कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) जाम आहे.

आता खरं काम, ढिला जोड शोधणं. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, आणि जॅकसोबत स्टँड हवाच. नुसत्या जॅकवर हात आत घालू नका. चाक डाव्या-उजव्या कडेला धरून हलवा. दुसऱ्यानं टाय रॉड एंडवर (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) बोट ठेवावं. प्ले (ढिलेपणा) तिथं असेल तर बोटाला टकटक जाणवते. तिथं नसेल तर रबरी बूटवरून रॅक एंड (त्याच दांड्याचा आतला सांधा) चाचपा. मग चाक वर-खाली धरून हलवा. प्ले आला तर कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. लोअर आर्मखाली (चाकाला खालून धरणारा हात) टॉमी (लोखंडी दांडा) लावून उचकटलं की खात्री होते. बॉल जॉइंट ढिला निघाला तर गाडी घाटात नेऊ नका. तो निखळला तर चाक आडवं होतं.

लिंक रॉडची (स्टॅबिलायझर बारला सस्पेन्शनशी जोडणारी काडी) तपासणी मात्र एक चाक उचलून होत नाही. स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी झुकू न देणारा आडवा दांडा) पिळला जातो, लिंक ताणली जाते आणि प्ले लपतो. दोन्ही चाकं जमिनीवर असताना, स्टिअरिंग पूर्ण वळवून लिंक हातानं हलवा. बारीक खड्ड्यांत हळू जाताना येणारा कटकट आवाज बहुतेक वेळा हिचाच असतो.

ब्रेक लावताना गाडी एकदम बाजूला झेपावत असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश (रबरी सांधा) बघा, रबर फाटलेलं सापडेल. नवा बुश बसवताना बोल्ट शेवटचा घट्ट करायचा तो चाकं जमिनीवर टेकवून. लिफ्टवर लोंबकळत्या आर्मला घट्ट केला तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे सांगून करून घ्या, कारण घाईत हेच राहून जातं.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगला हात लावून ती झटक्यानं सुटते का बघा. तसं असेल तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग गेलं आहे. टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज किंवा शॉकअपवर ओलं तेल दिसलं तर शॉकअप जोडीनं बदला.

एवढं झाल्यावर अलाइनमेंट करा, आधीचा आणि नंतरचा प्रिंट मागून घ्या. बऱ्याच हॅचबॅकमध्ये पुढचा फक्त टो (वरून बघताना चाकं आत की बाहेर वळलेली, तो कोन) बदलता येतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किंवा कॅस्टरमध्ये (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे-पुढे कल) डाव्या-उजव्यात मोठा फरक दिसला तर आर्म किंवा स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र भाग) वाकला आहे का, ते तिथंच तपासून घ्या.