एक्सेलच्या थीममध्ये आपले रंग बसवताना

बादलीच्या आयकॉनवरून सेलला हवा तो रंग देता येतो. पण रिपोर्ट वीस शीटचा झाला आणि निळा बदलायचा ठरला, की एकेक सेल शोधत बसावं लागतं. म्हणून मी सेलला थीमचेच, म्हणजे वर्कबुकच्या ठरलेल्या रंगसंचातलेच रंग देतो आणि बदल थीममध्ये करतो.

पेज लेआउट, मग कलर्स, आणि यादीच्या तळाशी कस्टमाइझ कलर्स. बारा रंग दिसतात: मजकूर-पार्श्वभूमीचे चार, ॲक्सेंटचे (चार्ट आणि उठावासाठीचे) सहा, हायपरलिंकचे दोन. पहिल्या चारांना मी हात लावत नाही. त्यांतला डार्क १ हा मजकुराचा रंग बदलला तर साध्या सेलमधली अक्षरंसुद्धा रंगतात.

ॲक्सेंटसाठी मी ओकाबे आणि इतो या जपानी संशोधकांची रंगमाला घेतो. लाल-हिरवा फरक ज्यांना कळत नाही त्यांनाही ती वाचता येते. मोर कलर्समधल्या कस्टम टॅबवर आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे आकडे याच क्रमाने टाकायचे: निळा ०, ११४, १७८, नारिंगी २३०, १५९, ०, हिरवा ०, १५८, ११५, आकाशी ८६, १८०, २३३, शेंदरी २१३, ९४, ०, जांभळट गुलाबी २०४, १२१, १६७. त्यांच्या मालेत पिवळाही आहे, पण पांढऱ्या कागदावर त्याची रेघ दिसत नाही, म्हणून तो गाळला.

क्रम महत्त्वाचा. चार्ट ॲक्सेंट १ पासून ओळीने रंग उचलतो. वरच्या क्रमात एक गडद, एक फिका असं येतं, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्येही शेजारचे दोन स्तंभ वेगळे कळतात. सातव्या सीरिजला ॲक्सेंट १ चीच गडद छटा मिळते. तिथवर गेलात तर चार्टच दोन करा.

नाव देऊन सेव्ह केलं तरी काही सेल जुन्याच रंगात राहतात. ते स्टँडर्ड कलर्सच्या ओळीतून किंवा मोर कलर्समधून रंगवलेले असतात. थीमशी त्यांचा संबंध नाही. कंडिशनल फॉरमॅटिंगमधला तयार फिकट लाल-गडद लाल संचही तसाच पक्का.

दुसरा घोळ पेस्टचा. सेलमध्ये साठवलेलं असतं ‘ॲक्सेंट २’, नारिंगी नव्हे. दुसऱ्या वर्कबुकात नेलं की तिथला ॲक्सेंट २ लागतो. रंग जपायचा तर पेस्ट स्पेशलमध्ये ऑल यूझिंग सोर्स थीम निवडा.

थीम त्या वर्कबुकापुरतीच असते. नव्या फाइलींना हीच हवी असेल तर रिकामं वर्कबुक ‘बुक’ या नावाने टेम्प्लेट म्हणून एक्सएलस्टार्ट फोल्डरमध्ये (एक्सेल सुरू होताना जे तपासतं त्यात) ठेवायचं. मात्र सुरुवातीच्या स्क्रीनवरचं ब्लँक वर्कबुक हे टेम्प्लेट वापरत नाही. कंट्रोल-एन दाबा, किंवा ऑप्शन्समधून ती स्क्रीनच बंद करा.