काच स्वच्छ राहते, त्याचं काय?

रात्रीच्या लांबच्या प्रवासानंतर गाडीची पुढची काच घासणं हे एकेकाळी वैतागाचं काम होतं. चिलटं, पतंग, कसले कसले पंख असे वाळून चिकटलेले असायचे की वायपरनंही हलायचे नाहीत. आता काच बऱ्यापैकी स्वच्छ राहते आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. गोम इथेच आहे. वाघ कमी झाले की हळहळ होते. चिलटं कमी झाली की सोय होते.

सोय झाल्यावर मोजत कोण बसणार? जर्मनीतल्या क्रेफेल्डचे हौशी कीटक-अभ्यासक मात्र बसले. १९८९पासून त्यांनी संरक्षित क्षेत्रांत तंबूसारखे सापळे लावले आणि सापडलेल्या कीटकांचं चक्क वजन केलं. २०१७मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: २७ वर्षांत उडत्या कीटकांचं वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटलं होतं. तेही राखीव जागांत!

कारण विचारलं की बोट कीटकनाशकांकडे जातं, आणि ते रास्तच आहे. निओनिकोटिनॉइड गटातलं कीटकनाशक बियाण्याला चोळलं की ते रोपात मुरत थेट परागापर्यंत पोचतं. युरोपीय संघानं त्यातल्या तिघांचा उघड्या शेतातला वापर २०१८मध्ये बंद केला. एकाच पिकाची अफाट शेतं, तापतं हवामान, हेही आहेच. मला मात्र जास्त चटका लावतो तो दिवा. उडताना कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात. आकाश जमिनीपेक्षा उजळ, त्यामुळे तेवढ्यावर तोल सांभाळता यायचा. आता उजेड कुठल्यातरी खांबावर असतो आणि पतंग त्याच्याकडे पाठ वळवत गोल गोल फिरत राहतो. आपण त्याला ज्योतीवर जीव ओवाळणारा प्रेमवीर ठरवून मोकळे झालो. बिचाऱ्याला वरची बाजू कुठली, एवढंच कळेनासं झालेलं असतं.

सगळंच काळं आहे असं मात्र नाही. जगभरातल्या नोंदी एकत्र करून २०२०मध्ये झालेल्या अभ्यासात जमिनीवरचे कीटक दशकाला सुमारे ९ टक्क्यांनी घटताना दिसले, तर गोड्या पाण्यातले ११ टक्क्यांनी वाढताना. नद्या-तळ्यांची घाण कमी केल्याचा तो गुण असावा. आता पाण्यात वाढणारे म्हटलं की चतुर आले, तसे डासही आले. चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या फस्त करतात, म्हणजे एकाला बोलवून दुसऱ्याला दार लावणं जमायचं नाही.