आमची वाटचाल : बॅरलला जुळणाऱ्या पेलेटच्या शोधात

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी सुरू केलेल्या आमच्या वर्कशॉपमध्ये ऑइल इंजिनाचे आणि शेतीपंपाचे सुटे भाग बनत असत, आणि आजही उत्पन्नाचा मोठा वाटा लेथ आणि मिलिंगच्या जॉबवर्कमधूनच येतो. नेमबाजीशी आमचा संबंध आला तो दुरुस्तीच्या निमित्ताने. दुधाळीच्या रेंजवर सराव करणाऱ्या मुलामुलींच्या एअर रायफली बहुतेक जर्मनी किंवा ऑस्ट्रियातून आलेल्या असतात. एखादी ओ-रिंग गेली किंवा हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर चिकटू लागला की पूर्वी रायफल बाहेरगावी पाठवून वाट पाहत बसावे लागे. कोल्हापूरच्याच नेमबाज तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवल्यानंतर शहरात रायफल हाती घेणारी मुले वाढली, आणि त्यांच्या कोचमार्फत ही कामे आमच्याकडे येऊ लागली.

मात्र आज आम्हाला ज्या कामासाठी ओळखले जाते ते पेलेट, म्हणजे एअर रायफलमधून सुटणारी शिशाची छोटी गोळी, निवडण्याचे काम नियमातील एका बदलामुळे उभे राहिले. पूर्वी १० मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत गुण पूर्णांकात मोजत. दहाचे वर्तुळ म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असला, तरी ४.५ मिलिमीटर व्यासाच्या पेलेटची कड त्याला लागली की पूर्ण दहा गुण मिळत. म्हणजेच पेलेटचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरपर्यंत सरकला तरी नुकसान नव्हते. २०१३ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या पात्रता फेरीतही दशांश गुण आले, अगदी मध्यावरच्या शॉटला १०.९ मिळू लागले आणि केंद्रापासून दर पाव मिलिमीटरला एक दशांश कमी होऊ लागला. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील ज्या संघात होता, त्या भारतीय संघाने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत १८९३.७ गुणांचा विश्वविक्रम केला. तिघांच्या मिळून १८० शॉटमध्ये हे गुण वाटले तर सरासरी १०.५२ येते, म्हणजे पेलेट केंद्रापासून साधारण एक मिलिमीटरच्या आसपास लागत होते. माणूस इतका अचूक झाल्यावर पेलेट आपल्या दोषाने अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे गेला तर ती बाब दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही.

अमेरिकेत आणि युरोपात लांब पल्ल्याचे अनेक नेमबाज आपली काडतुसे स्वतः भरतात आणि दारूचे वजन, गोळीची खोली असे एकेक घटक बदलत आपल्या रायफलीला मानवणारे काडतूस तयार करतात. आपल्याकडे काडतुसे बनवण्यासाठी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो. शिवाय ५० मीटरसाठी वापरल्या जाणाऱ्या .२२ काडतुसात पेट घेणारे मिश्रण तळाच्या कडेतच असल्याने ते घरी भरण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून परदेशातील नामवंत नेमबाज रायफल घेऊन थेट इंग्लंडमधील इली किंवा जर्मनीतील लापुआच्या चाचणी केंद्रावर जातात आणि तिथे आपल्या बॅरलला, म्हणजे रायफलच्या नळीला, जुळणारा काडतुसांचा लॉट (एकाच वेळी बनलेला गट) निवडतात. एअर रायफलमध्ये तर भरण्यासारखे काही नसतेच. जे करायचे ते निवडीतून, आणि ही निवड परदेशवारी न करता कोल्हापुरात करता यावी, एवढाच आमचा विचार होता. एअर रायफलची ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास, म्हणजे परवान्यासाठी ठरलेल्या २० ज्यूलच्या मर्यादेच्या बरीच खाली असल्याने हे काम आमच्या शेडमध्ये होऊ शकते. .२२ च्या चाचणीच्या विचारणा येतात, पण ते काम आम्ही घेत नाही.

पेलेट म्हणजे पुढून सपाट, मध्ये बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर असलेला शिशाचा तुकडा. रायफलसाठी त्याचे वजन साधारण ०.५३ ग्रॅम असते. डब्यावर ४.४९ किंवा ४.५० असा डोक्याचा व्यास छापलेला असतो आणि पुष्कळ पालक तेवढा आकडा पाहून खरेदी करतात. प्रत्यक्षात साचे झिजतात, बदलले जातात, त्यामुळे एकाच कंपनीच्या, एकाच आकड्याच्या दोन लॉटमध्ये फरक निघतो, आणि एकाच मॉडेलच्या दोन बॅरलना एकच लॉट मानवेल याचीही खात्री नसते. सूक्ष्म वजनकाट्यावर सारखे भरणारे पेलेट कागदावर एकाच ठिकाणी लागतीलच असे नाही. प्रत्येक लॉट त्या विशिष्ट बॅरलमधून मारून पाहण्याला पर्याय नाही.

त्यासाठी रायफल घट्ट धरून ठेवणारे फिक्स्चर आम्ही स्वतःच बनवले. शिरोलीच्या एका फाउंड्रीतून बिडाचा जाड बेड ओतून घेतला, ओतकामातला ताण निघून जावा म्हणून तो बरेच दिवस तसाच ठेवला आणि मग ग्राइंड केला. लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा दस्ता काढून रायफलची मूळ यंत्रणा या बेडवर आवळली जाते. बॅरलवर कोठेही दाब येणार नाही, याकडे आमचे जुने फिटर फार कटाक्षाने पाहतात. शेजारच्या शेडमधील पॉवर प्रेस चालू असले की जमीन हादरते, म्हणून चाचण्या साप्ताहिक सुटीच्या दिवशीच होतात. लॉट बदलला की बॅरल फेल्टने साफ करायची आणि पहिले काही शॉट हिशेबात धरायचे नाहीत, कारण आधीच्या पेलेटवरचे तेल आणि शिसे नव्या पेलेटचा ग्रुप, म्हणजे कागदावर पडलेल्या छिद्रांचा पुंजका, बिघडवते. शिसे हाताळून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी चहाच्या कपाला हात लावत नाही.

ग्रुप उभा ताणलेला दिसला की आम्ही पेलेट बाजूला ठेवतो. सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघालेला पेलेट १० मीटर जाईपर्यंत १७-१८ मिलिमीटर खाली येतो. वेगात दोनच मीटरचा फरक पडला तरी तो कागदावर सुमारे ०.४ मिलिमीटर वर किंवा खाली लागतो. अशा वेळी दोष बहुधा रेग्युलेटरमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये असतो आणि वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावला की तो उघडकीस येतो. महागडे दहा लॉट तपासूनही उपयोग नाही असे सांगून कुणी रायफल आमच्याकडे आणतो, तेव्हा अनेकदा हेच निघते. म्हणून आधी सर्व्हिसिंग, मग वेगाची तपासणी आणि त्यानंतरच पेलेट, हा क्रम आम्ही मोडत नाही.

या व्यवसायातील सर्वांत मोठी फसगत मात्र यंत्राची नसून आकड्यांची आहे. वीस लॉटचे प्रत्येकी पाच शॉट मारले तर त्यातला एखादा ग्रुप सुरेख, गोल आणि लहान येणारच. त्या जोरावर तो लॉट श्रेष्ठ ठरवणे म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाला हुशार समजण्यासारखे आहे. पाच शॉटवरून वाईट लॉट बाद करता येतात, चांगला लॉट निवडता येत नाही. उरलेल्या चार-पाच लॉटचे आम्ही दहा-दहा शॉटचे अनेक ग्रुप घेतो आणि डब्यांवर केवळ खुणेची चिठ्ठी ठेवतो, जेणेकरून मोजणाऱ्याला लॉट ओळखू येऊ नये. ग्रुपच्या बाहेरच्या कडांमधले अंतर साडेपाच मिलिमीटरच्या आत सातत्याने राहिले की आमचे समाधान होते. अहवालासोबत ग्राहकाला सर्व कागद मिळतात, बिघडलेल्या ग्रुपचेसुद्धा, कारण एकच देखणा कागद फ्रेम करून देण्याची पद्धत मला पटत नाही.

पेलेट आम्ही विकत नाही आणि विक्रेत्यांकडून कमिशनही घेत नाही. शुल्क केवळ चाचणीचे. विक्रेते प्रत्येक लॉटचा एक डबा देतात आणि निवड झाल्यावर नेमबाज त्या लॉटचे जमतील तितके डबे त्यांच्याकडून एकदम घेतो, कारण तो लॉट संपला की पुन्हा मिळत नाही. एका विक्रेत्याने निवडलेल्या लॉटऐवजी दुसऱ्याच लॉटचे डबे ग्राहकाला पाठवले होते. तेव्हापासून डब्यामागच्या लॉट क्रमांकाचे छायाचित्र अहवालात जोडले जाते. ज्या मुलांची सरासरी अजून दहाच्या खाली आहे, त्यांच्या पालकांना आम्ही चाचणी करू नका असेच सांगतो. त्या टप्प्यावर मुलाचा हात पेलेटपेक्षा कितीतरी जास्त हलत असतो, आणि ते पैसे जॅकेट किंवा सरावाच्या पेलेटवर खर्च झालेले बरे. यामुळे काम कमी झाले हे खरे, पण तीच मुले पुढे राज्य स्पर्धेला उतरताना आमच्याकडे येतात.

सध्या एअर पिस्तुलासाठी वेगळे फिक्स्चर तयार होत आहे. चाचणीला येताना रायफलीसोबत ॲलन की आणि तिचा हवेचा सिलिंडर आणावेत. सिलिंडरवरील तारीख घरीच पाहून यावे. उत्पादकाने दिलेली मुदत, जी सहसा दहा वर्षांची असते, उलटली असेल तर तो सिलिंडर आम्ही भरत नाही.