स्फटिकाचा अक्ष कुठं रोखायचा?

इटलीत ग्रान सासो डोंगराच्या पोटात, वर साधारण १४०० मीटर खडक असलेल्या प्रयोगशाळेत, सोडियम आयोडाइडचे २५ स्फटिक वर्षानुवर्षं अंधारात ठेवलेले होते. एकेक पावणेदहा किलोचा. त्यात किंचित थॅलियम मिसळलेलं असतं, त्यामुळं आतल्या एखाद्या अणूला धक्का बसला की क्षणभर निळसर उजेड पडतो. हेच सिंटिलेशन. प्रयोगाचं नाव डामा. वीसहून जास्त वर्षं हा गट सांगतोय की हे उजेड जूनच्या सुरुवातीला थोडे वाढतात, डिसेंबरात थोडे घटतात, फरक एखाद्या टक्क्याचा, आणि तो डार्क मॅटरमुळं, म्हणजे दिसत नाही पण गुरुत्वाकर्षणातून जाणवतं अशा पदार्थामुळं, पडतो.

त्यामागचा हिशेब साधा आहे. सूर्य आपल्याला घेऊन सेकंदाला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं हंस तारकासमूहाच्या दिशेनं धावतोय. आकाशगंगेत डार्क मॅटर भरलेलं असेल, तर त्याचा वारा आपल्याला समोरून लागणार. पृथ्वीच्या सेकंदाला ३० किलोमीटर चालीतला काही भाग जूनमध्ये या वेगात मिळतो, डिसेंबरात वजा होतो.

पण वर्षाची लय एवढाच पुरावा मला कधी पुरेसा वाटला नाही. सांगलीत राहणाऱ्याला तो वाटूच नये. २ जून म्हणजे मृग तोंडावर आलेला. हवेतला दमटपणा, विहिरीचं पाणी, आयर्विन पुलाखालची कृष्णा, सगळं वर्षाच्याच ठेक्यावर चालतं. पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका हे आकडे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहेत, आणि ते कुठल्या महिन्यात बघायचे हेही. आकाशातून येणारे म्युऑन नावाचे कणसुद्धा ऋतूप्रमाणं कमीजास्त होतात. डामाच्या लोकांनी यातलं एकेक कारण तपासून बाजूला केलंय, त्यात हयगय केलेली नाही. तरीही स्पेनमधला अनाइस आणि दक्षिण कोरियातला कोसाइन या दोन्ही प्रयोगांनी सोडियम आयोडाइडच वापरलं आणि दोघांनाही तो चढउतार सापडला नाही. म्हणून मला वाटतं, आता महिना विचारणं पुरे, दिशा विचारायला हवी. हंस आकाशात त्याच जागी परत येतो तो २३ तास ५६ मिनिटांनी. आपला कारभार, ऊन, वारा, पाऊस, सगळं २४ तासांच्या दिवसावर चालतं. त्या चार मिनिटांच्या फरकावर माझा भरवसा जास्त आहे.

दिशा कळायची तर स्फटिकालाच ती कळली पाहिजे. आमच्या लॅबच्या कपाटात मिठाच्या स्फटिकाचं लाकडी गोळ्यांचं मॉडेल आहे. हिरवे गोळे क्लोरीनचे, पांढरे सोडियमचे, कडेच्या गोळ्यांचा रंग हाताळून उडालेला. सोडियम आयोडाइडची रचना हीच, हिरव्याच्या जागी आयोडीन समजायचं. एक डोळा मिटून कडेच्या रेषेत आत पाहिलं की आरपार चौकोनी बोगदे दिसतात, पलीकडच्या खिडकीचे गजसुद्धा दिसतात. मनगट जरा वळवलं की बोगदे मिटतात आणि समोर नुसते गोळे.

अशा बोगद्यात शिरलेला आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, दोन्हीकडच्या रांगांकडून हलकेच मध्ये ढकलला जात लांबवर जातो. याला चॅनेलिंग म्हणतात. १९६३ मध्ये रॉबिन्सन आणि ओएन यांना ते कॉम्प्युटरच्या गणितात दिसलं, १९६५ मध्ये लिंडहार्ड यांनी त्याची थिअरी मांडली. उजेडाशी त्याचा संबंध असा, की एरवी धक्का बसलेला अणू बरीचशी ऊर्जा शेजारच्या अणूंवर आपटण्यात घालवतो. इलेक्ट्रॉनांच्या वाट्याला, म्हणजे उजेडाला, थोडीच उरते. डामाच्या हिशेबात सोडियमसाठी ३० टक्के, आयोडीनसाठी ९ टक्के. बोगद्यातून जाणारा मात्र कुणावर जोरात आपटत नाही, त्यामुळं त्याची जवळपास सगळी ऊर्जा उजेडाच्या कामी येते. २००७-०८ च्या सुमारास यावर बरीच आशा होती, कारण हे खरं असतं तर अगदी हलक्या कणाचा धक्काही दिसला असता.

हे वर्गात सांगत होते तेव्हा तासगावकडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, द्राक्षबागेगत झालं की हे. रस्त्यानं जाताना ओळ समोर आली की पार बांधापर्यंत दिसतंय, नाहीतर नुसता पाला."

मी म्हटलं, बरोबर, आता सांग, धक्का बसतो तो अणू कुठं उभा असतो?

ती जरा थांबली. "ओळीतच की. म्हणजे खोडाच्या जागेवरनं सुटणार तो. मग मधल्या वाटेला लागणार कसा? त्याच्याच ओळीतली पुढची खोडं आडवी येणार."

२०१० मध्ये बोझोर्गनिया, जेल्मिनी आणि गोंडोलो यांनी गणितानं दाखवलं ते हेच. बाहेरून मारलेला आयन बोगद्यात शिरू शकतो, स्वतःच्या जागेवरून उडालेला अणू सहसा नाही. अणू उष्णतेनं थरथरत असतात, त्यामुळं एखादा जागेवरून सरकलेला असताना सुटला तर त्याला वाट सापडते, पण हे प्रमाण फार तर काही टक्के. २०१३ मध्ये कोलर यांनी न्यूट्रॉनचा मारा करून प्रत्यक्ष मोजलं, तेव्हाही सोडियम आयोडाइडमध्ये चॅनेलिंग दिसलं नाही. त्या मुलीचं मला फार कौतुक वाटलं. सुरुवात कुठून होते एवढा एकच धागा धरून ती तिथवर गेली.

सोडियम आयोडाइडकडून दिशेची अपेक्षा नको, हे झालं. पण सगळे स्फटिक सारखे नसतात. अँथ्रासीनमध्ये जड कण एका अक्षाच्या दिशेनं गेला तर उजेड जास्त, दुसऱ्या दिशेनं गेला तर कमी, हे कित्येक दशकांपासून माहीत आहे. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत असा फरक पडत नाही, आणि हे फार सोयीचं आहे, कारण आपल्याला नको असलेला बराचसा गोंगाट इलेक्ट्रॉनांचाच असतो. या गुणावरून डार्क मॅटरची दिशा ओळखावी, हे १९९२ मध्ये सुचवणारे बेली आणि बेर्नाबेई डामाचेच. आता त्यांचा भर झिंक टंगस्टेटवर आहे, प्रकल्पाचं नाव अदामो. १४ एमईव्हीच्या (हे कणांच्या ऊर्जेचं माप, केईव्ही त्याचा हजारावा भाग) न्यूट्रॉनांनी धक्के देऊन त्यांनी २०२० मध्ये दाखवलं, की काहीशे केईव्हीच्या धक्क्यांना या स्फटिकात दिशेप्रमाणं उजेड खरंच बदलतो. डार्क मॅटरचे धक्के मात्र काही केईव्ही ते काही दहा केईव्हीचे. तिथं हा फरक टिकतो का, हे मोजणं हेच खरं काम. उजेडच मोजक्या फोटॉनांचा, त्यात काही टक्क्यांचा फरक शोधायचा.

तो टिकतो असं धरून टी.वाय.च्या मुलांना गणित घातलं. असा स्फटिक सांगलीत ठेवायचा तर त्याचा खास अक्ष कुठं रोखायचा? वारा येतो त्या बिंदूची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर, साधारण ४८ अंश उत्तर. ग्रान सासो ४२ अंश अक्षांशावर, त्यामुळं तिथं तो दिवसातून एकदा जवळजवळ डोक्यावरून येतो आणि अर्ध्या दिवसानं उत्तर क्षितिजाला लागून. अक्ष सरळ उभा ठेवला की काम भागतं. सांगली १७ अंशांवर. नवरात्रात रात्री आठच्या सुमारास गच्चीवरून उत्तरेकडं पाहिलं तर हंस पुरेसा वर दिसतो, पण डोक्यावर येत नाही. वारा येतो तो बिंदू इथं जास्तीत जास्त ५९ अंश चढतो आणि अर्ध्या दिवसानं क्षितिजाखाली २५ अंशांवर जातो.

बऱ्याच मुलांनी अक्ष ध्रुवाकडं रोखला. ती दिशा सगळ्यांत निरुपयोगी, कारण ध्रुव आणि वारा यांच्यातला कोन दिवसभर ४२ अंशच राहतो आणि उजेडात काहीच बदल होत नाही. इथं अक्ष उभ्या रेषेपासून उत्तरेकडं ३१ अंश कलता ठेवायचा. मग तो कोन शून्यापासून ८४ अंशांपर्यंत जाऊन परत येतो. झारखंडमध्ये जादूगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर आपली प्रयोगशाळा आहे, तिथं हाच कल सुमारे २५ अंश होईल.